लाल, हिरवं आणि मालवणची खारी हवा

माझी फजिती ऐकायची तर आधी चहा घ्या, आणि मधे उठायचं नाही. तुम्हाला सांगायला काहीच हरकत नाही, कारण मालवणात बाकी सगळ्यांना ती केव्हाच कळली आहे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, आणि संगणकाचा तासही माझाच. हे लक्षात असू द्या.

चाळिशीत मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची हौस आली. शेजारच्या बस्त्यावकडे गेमिंगचा कंप्युटर होता, त्यात ग्राफिक्स कार्ड लाल कंपनीचं. पडद्यावर चित्रं पळवतं ते हे कार्ड. त्यातल्या दोन कंपन्यांचं हाडवैर. आपण त्यांना लाल आणि हिरवी म्हणू. बस्त्याव म्हणाला, लालच घे. आता तुम्हीच सांगा, काजूच्या व्यापाऱ्याचं ऐकून संगणकाच्या मास्तराने कार्ड घ्यायचं? मी महिनाभर व्हिडिओ बघितले, वहीत तक्ते आखले आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं की घ्यायचं तर हिरवंच, लाल म्हणजे नुसता देखावा. वर बस्त्यावला आव्हान दिलं: रविवारी माझ्या घरी ये, फरक दाखवतो.

कुडाळच्या दुकानाचा माणूस येऊन सगळं जोडून गेला. गेममधली गाडी अशी सुसाट पळाली, काय सांगू! तेवढ्यात बाबा नारळ घेऊन आले. नवी वस्तू घरात आली की देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं, आणि वस्तूचं तोंड पूर्वेला हवं. मी वायरी काढल्या, कंप्युटरचा डबा फिरवला, वायरी परत लावल्या. बाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान आज नवो कंप्युटर हाडलो आसा. काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल, आणि तेच्या हिरव्या कार्डाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

नारळ फुटला, मी गेम लावला, आणि गाडी चिखलात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना.

दुसऱ्या दिवशी डबा स्कूटरवर घालून कुडाळ गाठलं. तिथे त्यांच्या पडद्याला जोडल्यावर गाडी परत सुसाट! घरी आणली, की म्हैस. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. निष्कर्ष काढला: कुडाळात चालतं आणि मालवणात चालत नाही, म्हणजे हिरव्या कार्डाला आमची खारी हवा मानवत नाही. स्टाफरूममध्ये मी यावर अर्धा तास बोललो. दोन शिक्षकांनी हिरव्याचा बेत तिथल्या तिथे रद्द केला.

बायको म्हणाली, बस्त्यावचं घर तर आपल्याहून समुद्राजवळ आहे. मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. हो, म्हटलं खरं.

शनिवारी गुपचूप कुडाळला गेलो, हिरवं परत केलं आणि लाल बसवून आणलं. तेच, नुसता देखावा असलेलं! घरी वायरी जोडल्या. म्हैस ती म्हैसच. लाज वाटली, आणि खरं सांगतो, रडूच यायचं बाकी होतं.

रविवारी बस्त्याव दारात हजर. डब्याची बाजू काचेची, आत लाल कंपनीचं नाव लखलखतंय. तो माझ्याकडे बघून नुसता हसला. मग माझी गाडी बघितली आणि हसायचा थांबला. डब्यामागे वाकला.

"मास्तरा, पडद्याची वायर खंय घातलंस?"

"भोकात."

"कार्डाचा भोक खाली आसा रे. तू वरच्यात घातलंस."

त्याने वायर काढून खाली लावली. गाडी सुटली ती थेट डोंगरावरून पार. म्हणजे गाऱ्हाण्याच्या वेळेपासून वायर कंप्युटरच्या साध्या भोकात होती आणि कार्ड आत नुसतं बसून होतं, पडद्याला त्याचा पत्ताच नव्हता. हिरवं काय, लाल काय, दोघांचीही मी उगाच बदनामी केली होती. बायको आतून चहा घेऊन आली. पहिला कप तिने बस्त्यावला दिला, आणि तेच जास्त लागलं.

आता गंमत ऐका. दोन्ही कंपन्यांची कार्डं घरी आणलेला आमच्या गावात मी एकटाच. त्यामुळे कोणाला कंप्युटर घ्यायचा असला की लोक अजून माझ्याकडेच येतात आणि विचारतात, "सर, तुम्ही दोन्ही वापरलीत ना, खंयचा बरा?"

आणि मी सांगतोसुद्धा.