जाळीला लावलेलं तेल

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ बोलले असते, पण तो असता तर हे घडलंच नसतं. देवापुढेही नाही. देवापुढे मी पुटपुटते, आणि पुटपुटताना माणूस हवं ते गाळून पुढे जातो. लिहिताना तसं करता येत नाही, म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे मी. चुका असतील.

गोष्ट गाडीची आहे. म्हातारीला गाडीचं काय, म्हणाल. ऐका.

आम्ही वर्ध्याकडचे. माझा नवरा इथे लखनऊला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असे — पाने, पक्कड, हातोडी आणि स्कूटर. नुसतं हळदकुंकू लावून हा माणूस थांबायचा नाही. "मळक्या हत्याराला कुंकू लावायचं म्हणजे पारोशा नवरदेवाला मुंडावळ्या बांधायच्या," म्हणायचा. इंजिनात जाणारी हवा गाळणारी स्कूटरची जाळी काढायची, रॉकेलात धुवायची, तिला तेल लावायचं, पिळून परत बसवायची. पुढे त्याचे हात कापायला लागले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी ते त्याच्याहून नीट करायचे. बढाई म्हणून सांगत नाही. मला ते येत होतं, आणि येतं याची घमेंड होती — सगळं तिथूनच सुरू झालं.

तो गेला. स्कूटर गेली. मुलाने, प्रशांतने, गाडी घेतली. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आपोआप गिअर बदलणारी घेतली, आणि चालवायला हरिप्रसादला ठेवलं. हरिप्रसाद फौजेतला ड्रायव्हर. छावणीत मोठ्या साहेबांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेला. पिळदार मिशी, कडक इस्त्रीचा शर्ट. आम्ही जानकीपुरमला राहतो आणि प्रशांतचं ऑफिस पार सरोजिनी नगरकडे. रोज अख्खं शहर ओलांडायचं. पण गाडीला ओरखडा नाही. "माताजी, तीस साल में एक डेंट नहीं," हे त्याने मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. "हाँ हाँ, बड़े आए," मी म्हणायचे. तो हसायचा.

त्या खंडेनवमीला प्रशांत आणि सून बाजारात गेले होते. मी हरिप्रसादला बॉनेट उघडायला लावलं. जाळी कुठे असते ते दाखव म्हटलं. त्याने हवेच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत जाळी नव्हतीच. घड्या घातलेला कागद होता, हातपंख्यासारखा.

तो म्हणाला, "माताजी, ये काग़ज़ वाली है. इसको बस झाड़ते हैं, तेल नहीं लगाते."

मी काय म्हणाले तेही लिहिते. म्हणाले, "मेरे आदमी ने रेल के इंजन खोले हैं. तुम तो सिर्फ़ चलाते हो."

त्याचं तोंड एवढंसं झालं. तो बाजूला सरकला. मी कागद झटकला आणि शिलाई मशीनचं तेल दोन्ही बाजूंनी चोपडलं. भरपूर. डबा लावला, वर कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्याने तो कपाळाला लावून खाल्ला.

आठवडाभराने गाडीत पिवळा दिवा लागला, इंजिनाचं चित्र असलेला. मग दुसरा, गिअरचा. गिअर बदलताना मागून कोणी लाथ घालावी तसा धक्का बसायचा. कानपूर रोडवर एकदा गाडी वेगच घेईना, मागचे ट्रक भोंगे वाजवत अंगावर आले. प्रशांत हादरून घरी आला. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्स गेलाय, चालवणारा एक पाय ब्रेकवर ठेवून चालवत असेल. त्यांनी गिअरचं तेल बदललं, मशीन लावून दिवे विझवले. दोन दिवसांनी दिवे पुन्हा लागले.

हरिप्रसादला कळलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला, चपला बाहेर काढून. "माताजी, गियर में कुछ नहीं है. हवा की गड़बड़ है. जाली वाली बात भैया को आप ही बता दीजिए. मैं कहूँगा तो चुगली लगेगी."

पाहिलंत? तो स्वतःला वाचवायच्या आधी माझी लाज राखत होता. मी मटार सोलत होते. "बता दूँगी," म्हटलं.

सांगितलं नाही.

का? त्याच उन्हाळ्यात मी गॅस चालू ठेवून झोपले होते, पातेलं जळलं होतं, आणि प्रशांत हात जोडून म्हणाला होता, "आई, अब तुम किसी चीज़ को हाथ मत लगाओ, प्लीज़." ते वाक्य मला परत ऐकायचं नव्हतं. आणि दुसरं — माझ्या नवऱ्याची रीत चुकली, हे सुनेसमोर कबूल करायचं नव्हतं. ही कारणं आहेत. यांनी काही माफ होत नाही. चार दिवस मुलगा माझ्यासमोर बसून जेवत होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

पाचव्या दिवशी प्रशांतने त्याला फाटकापाशी काढून टाकलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. "फ़ौज में टैंक चलाते थे क्या? पूरा गियरबॉक्स खा गए." हरिप्रसादने किल्ली प्रशांतच्या हातात ठेवली. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. वाट बघत होता — दुसरं काय? मी नळ सोडला. भांडी घासून झालेली होती, तरी घासत बसले. वर पाहिलं तेव्हा तो गेला होता.

इथे तरी थांबावं ना. पण पुढे आहे.

महिन्याभरात प्रशांतला एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्याने गिअरला हातच लावला नाही. आधी हवेचा डबा उघडला. रविवारी जेवताना प्रशांत मला समजावून सांगत होता, मला आवडेल म्हणून. म्हणे, हवेच्या वाटेत केसासारखी एक गरम तार असते. आत किती हवा गेली ते ती मोजते, आणि त्या मापावर गाडी ठरवते गिअर कधी बदलायचा. तारेवर तेल बसलं की माप चुकतं. माप चुकलं की चांगला गिअरबॉक्सही धक्के देतो. मिस्त्रीने तार साफ केली, कागद नवा घातला. गाडी पहिल्यासारखी. गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं.

"त्या हरिप्रसादने फिल्टरला तेल फासलं होतं, आई. अनाड़ी कहीं का!"

तेव्हाही वेळ होती. त्याला परत बोलावता आलं असतं. मी पोळी वाढली आणि म्हणाले, "तूप घे."

प्रशांतने हे कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, लोक सावध व्हावेत म्हणून. लोकांनी हरिप्रसादचं नाव पाडलं, गियरखाऊ ड्रायव्हर. त्याला आमच्या भागात कोणी गाडी दिली नाही.

मधे काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात मी डोळे दाखवायला निघाले. चौकात पहिली दिसली त्या बॅटरी रिक्षात बसले. धुकं होतं, आणि मला तसंही कमीच दिसतं. रिक्षावाला म्हणाला, "माताजी?" आवाजावरून ओळखलं. मिशी काढलेली होती. अंगावर जुनं स्वेटर, कोपराला उसवलेलं.

त्याने रिक्षा पुढे काढली. मग मागे न बघता त्याने विचारलं, "माताजी, उस समय आपने भैया को बताया था न?"

एवढंच विचारलं. इतकी वर्षं त्याला एवढंच जाणून घ्यायचं असावं. मागे मी एकटी होते. सून नव्हती, मुलगा नव्हता, घाबरायला कोणी नव्हतं. त्याला तोंड दिसत नव्हतं माझं.

"बताया था," मी म्हणाले.

पुढचा गतिरोधक त्याने हळू ओलांडला. मग म्हणाला, "फिर भी निकाल दिया?"

"हाँ. फिर भी."

त्याने मान हलवली. दोनदा. खरं सांगून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही, असं तो आता धरून चालेल. माझा मुलगा तसा आहे, असंही धरून चालेल. तो तसा नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याने हरिप्रसादच्या घरी जाऊन पाय धरले असते.

आता सांगेन का? नाही. स्वतःला ओळखते मी.

डॉक्टरचं दार आलं. रिक्षाची पायरी उंच होती. हरिप्रसाद उतरून मागे आला, "सँभल के, माताजी," म्हणाला आणि हात पुढे केला. मी तो धरला आणि उतरले.