हात वर करायची बंदी

सातव्या महिन्यात माझी कंबर अशी धरली की शिलाई मशीनवर दहा मिनिटं बसवेना. लग्नसराईचे ब्लाउज अडकलेले, मी अगदी रडकुंडीला आलेले. आमच्या शिनोलीत दवाखान्यातल्या सिस्टर दर मंगळवारी पोटुशी बायकांचा योगाचा वर्ग घ्यायच्या. त्या म्हणाल्या, "येत जा, आराम पडेल."

सासूबाईंनी लगेच फर्मान काढलं, "जा की. पन हात डोक्याच्या वर न्यायचे न्हाईत. नाळ अडकती लेकराच्या गळ्यात."

दोरीवरचे कपडेसुद्धा त्या मला काढू देत नसत. मी तरी कुठली गप्प बसतेय! "आत्या, आता मोबाईलच्या जमान्यात तुमचं काय तरीच!" झालं, आमची जुंपली. शेवटी त्याच माझ्यावर पहारा ठेवायला वर्गात आल्या आणि दाराशी बसल्या.

गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वरखाली करून झाली. कंबरेला खरंच बरं वाटत होतं. मग सिस्टर म्हणाल्या, "आता दोन्ही हात वर."

"खाली घे आधी!" सासूबाई एवढ्यानं ओरडल्या की सगळा वर्ग वळला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सिस्टर शांतपणे त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "आजी, बाळ पोटात फिरतं, तेव्हा नाळ कधी कधी आपसूक गुंडाळली जाते. आईच्या हातांचा त्यात काही संबंध नसतो."

"खरं सांगताय?"

"अगदी खरं."

सासूबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझं पहिलं लेकरू तसंच गेलं. सासू म्हनली, दोरीवर लुगडी वाळत घातलीस म्हनून गेलं."

सहा वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पदरानं डोळे पुसून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "दावा बरं, कसं करायचं." सगळ्या पोटुशी बायकांमध्ये साठीच्या सासूबाईंनी हात वर केले. काय अभिमान वाटला मला, काय सांगू!

महिन्याभरात मी मशीनवर तासभर बसू लागले. माझी लेक आता दोन वर्षांची आहे. वर्गाला मी जात नाही, सासूबाई जातात. परवा एक नवी पोरगी हात वर करायला बिचकत होती. सासूबाईंनी तिचे हात धरून वर नेले.

"कर गं बिनघोर. त्यात आईचा काय बी दोष नसतो."