सिंकच्या जागचा डाग

मारुंजीच्या नव्या घराच्या ओट्यासाठी मी डाग असलेला ग्रॅनाइट निवडला, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ताथवड्याच्या दुकानातल्या चाचांनी लादीवर मगभर पाणी ओतलं. "बघा मॅडम, पाण्यात अजून उठून दिसतो. दुसरी घ्या."

मला तीच हवी होती! गुलाबी दगडात काळपट दाणा, भोवती गंजल्यासारखं कडं आणि बाहेर पळणाऱ्या बारीक भेगा. अ‍ॅलनाइट, युरेनियम बाळगणारं खनिज! भूशास्त्र सोडून हिंजवडीत नोकरी धरल्यापासून असा दाणा पाहिला नव्हता. पुढच्याच आठवड्यात संशोधनाच्या प्रवेशासाठी माझी मुलाखत होती, आणि विषय हाच. नोकरी सोडायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

मी भर दुकानात सुरू झाले. "ग्रॅनाइटमधलं बरंचसं युरेनियम असल्या चिमूटभर खनिजांत असतं. त्यातलं झिर्कॉन हे खनिज एक नंबरचं चिक्कू, त्यातलं युरेनियम दिल्या घरी सुखी. हा दाणा मात्र स्वतःच्याच किरणांनी आतून मोडतो, फुगतो, शेजाऱ्यांना तडे पाडतो. मग पाणी शिरतं, थोडं युरेनियम घेऊन निघतं आणि त्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की टाकून देतं. अशा कितीतरी दाण्यांचं एका जागी साचलं, की खाण!"

चाचांनी हात मागे घेतला. "म्हणजे किचनमध्ये बॉम्ब?"

"अहो, कणभर आहे. खुशाल पोळ्या लाटा."

ओटा बसला त्या दिवशी मी ऑफिसात होते. घरी येऊन बघते, तर डाग गायब! चाचांच्या मिस्त्रींची रीतच ती. लादी अशी सरकवायची, की डाग नेमका सिंकच्या भोकात जावा. सासूबाई खूश. मी इतकी भडकले, की फोनवर चाचांना नाही नाही ते बोलले.

"तुमचं भलंच केलं ना, मॅडम," ते म्हणाले. "कापलेला तुकडा बाल्कनीत ठेवलाय. कुंडीखाली घ्या."

मी धावले. तुकड्यावर पाणी ओतलं. दाणा, कडं, भेगा, सगळं शाबूत! मग मला हसूच आवरेना. ओट्यात राहिला असता तर हा दाणा मी जन्मभर भाजी चिरताना बघितला असता; आता तो मुलाखतीला नेता येणार होता.

सकाळी चाचांनी त्यातून तळहाताएवढा चौकोन कापून दिला. मुलाखतीला निघताना तो पिशवीत टाकत होते, तर सासूबाई जुन्या साडीचा तुकडा घेऊन आल्या.

"नीट गुंडाळ," त्या म्हणाल्या. "डागाला ओरखडा नको."