टकळीबाईंच्या जागी पत्रेबुवा

माझ्या बाबांना दिसत नाही, हे नव्या माणसाला आम्हाला सांगावं लागतं, कारण ते स्वतः सांगायला विसरतात. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात ते फोन घेतात. नळ कोरडा पडला म्हणून तावातावाने फोन लावणारा माणूस बाबांशी थोडंसं बोलतो आणि "बरं बरं, आभारी आहे" म्हणून ठेवून देतो. भांडायची हौस असणाऱ्यांची फार निराशा होते.

यामागची युक्ती अशी, की बाबांच्या उजव्या कानात ग्राहक असतो आणि डाव्या कानात कॉम्प्युटर. ग्राहकाने मीटरचा नंबर सांगितला की बाबांची बोटं तो टाइप करतात, आणि पडद्यावर जे उमटेल ते कॉम्प्युटर वाचून दाखवतो. हे वाचन करणाऱ्या बाईंना आमच्या घरी टकळीबाई म्हणायचे. बाई कसल्या, कुठल्याशा कंपनीने तयार केलेला यंत्राचा आवाज. बोलण्यात चढ नाही, उतार नाही, वाक्य संपलं तरी थांबणं नाही. त्यात बाबांनी वेग इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला नुसती टरटर ऐकू यायची. बाबांना मात्र त्यातलं अक्षर न अक्षर कळायचं. उत्तर इतक्या झटकन तयार व्हायचं की लोकांना शंका यायची, यांनी बघितलं तरी का. म्हणून बाबा मुद्दाम "हं, बघतो हां" म्हणत आणि उगाच जरा वेळ गप्प बसत.

टकळीबाई बाबांच्या फोनमध्येही होत्या. बँकेचा निरोप असो, नाहीतर रक्ततपासणीचा रिपोर्ट, बाबा तो जेवणाच्या टेबलावर आमच्यादेखत पूर्ण वेगाने ऐकायचे. टरटर थांबली की आई विचारायची, "काय म्हणतायत?"

"सगळं ठीक आहे," असं म्हणून बाबा चहात आणखी एक चमचा साखर घालायचे.

"ती तुम्हाला सगळं सांगते आणि तुम्ही मला गाळून सांगता," आई म्हणायची. साऱ्या संसारात तिची ही एकच खरी तक्रार होती, बाकीच्या तोंडी लावायला.

मग एक दिवस कार्यालयात परिपत्रक आलं. सगळ्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी होणार, सुट्टीच्या दिवसांत काम उरकणार, कामकाजात खंड पडणार नाही आणि कोणताही अतिरिक्त खर्च येणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याला मला एकदा प्रत्यक्ष भेटायचं आहे.

सुट्टी संपवून बाबा कामावर गेले. जुन्या यंत्राला नवी सिस्टिम पेलत नव्हती, म्हणून यंत्रच बदललं होतं. यंत्र बदललं म्हणून कीबोर्ड बदलला, आणि बाबांनी खुणेसाठी जुन्या बटणांवर चिकटवलेले मेणाचे ठिपके कीबोर्डबरोबर भंगारात गेले. जुन्या हेडफोनची पिन नव्या भोकात बसेना, म्हणून नवा हेडफोन मागवावा लागला. तोवर जो तात्पुरता दिला तो बाबांच्या कानाला असा काही चावला की ते कान चोळत घरी आले. आणि हे सगळं सोसून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला तर आतून एक अनोळखी, गोड, ठेहराव असलेली बाई म्हणाली, "नमस्कार. आज मी आपली काय मदत करू?"

टकळीबाईंना बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नव्या सिस्टिममध्ये त्या चालायलाच तयार नव्हत्या. कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाने दुपारपर्यंत खटपट केली आणि हात टेकले. माणूस वाईट नव्हता. उलट त्याला वाटलं आपण बाबांना काहीतरी चांगलंच देतोय.

"साहेब, आता कॉम्प्युटर अगदी माणसासारखा बोलतो," तो म्हणाला.

"माणसं मला दिवसभर भेटतात हो," बाबा म्हणाले. "मला कॉम्प्युटर हवा होता."

नव्या बाईंचं नाव आम्ही साखरताई ठेवलं. साखरताई वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायच्या. ज्या बाईला फुफ्फुसंच नाहीत तिने श्वास घ्यावाच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचा वेग वाढवला की शब्द एकमेकांत विरघळून जायचे, आणि कमी केला की पलीकडचा ग्राहक "हॅलो, हॅलो" करू लागायचा. पण खरी पंचाईत वेगळीच होती. टकळीबाई यंत्रासारख्या बोलायच्या, म्हणून दोन कानांतले दोन आवाज बाबांच्या डोक्यात आपसूक वेगळे राहायचे. साखरताई हुबेहूब माणसासारख्या. दोन माणसं एकाच वेळी बोलू लागली की कुणाचाही गोंधळ होतो, तसा बाबांचा होऊ लागला. एकदा ते साखरताईंना वैतागून म्हणाले, "ताई, जरा थांबता का?" आणि पलीकडे मोटर जळाल्याचं रडगाणं सांगणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मला ताई म्हणालात?" दुसऱ्या दिवशी एका आजींनी सरळ सांगितलं, "तुमच्या शेजारी कुणी बाई बसलेली दिसते. तिलाच द्या फोन, ती शांतपणे बोलते."

हे किस्से बाबा घरी येऊन नकला करून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण आठवड्याभरात त्यांचे फोन निम्म्यावर आले होते, आणि ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मला त्यांच्या कक्षाच्या मुख्य बाईंकडून कळलं. त्या आमच्याच गल्लीत राहतात. भाजी घेताना भेटल्या आणि म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलंय, त्रास करून घेऊ नका. महिनाअखेरीस मी स्वतः तुमच्या शेजारी बसून ऐकते. नाहीच जमलं, तर खाली चौकशीच्या टेबलावर बसा. पगार तोच राहील."

बाई मनाने चांगल्या आहेत. पण घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ते चौकशीचं टेबल मी पाहिलंय. जिन्याखाली आहे. तिथे कुणी चौकशीला येत नाही, कारण सगळ्या पाट्या वरच्या मजल्याकडे बाण दाखवतात. आधी तिथे बसणारे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत वर्तमानपत्र वाचत होते.

"त्यांना निदान वर्तमानपत्र तरी होतं," मी विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले. ते विनोद करत होते, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग म्हणाले, "पहिल्या नोकरीत मला असंच बसवून ठेवलं होतं, वर्षभर. येणारा जाणारा माझ्याशी हळू आवाजात बोलायचा, आजारी माणसाशी बोलावं तसं. फोन मिळाला आणि ते बंद झालं. फोनवर मी नुसता टेलिफोनवाला असतो गं. त्या टेबलावर मी पुन्हा आंधळा होणार."

मला रडू आलं आणि रागही आला. आई शिवणयंत्रावर होती. तिचं यंत्र थांबलेलं मी ऐकलं.

बाबांनी त्याच रात्री घरच्या कॉम्प्युटरवरही नवी सिस्टिम घातली आणि तिच्यात होते नव्हते तेवढे सगळे आवाज एकेक करून ऐकले. एक आवाज झोपाळू होता, एक लाडात बोलायचा, एक सतत माफी मागितल्यासारखा. शेवटी यादीच्या तळाशी, कुणी कधी वापरत नसावं अशा जागी, त्यांना एक पुरुषी, कर्कश, ठोकळेबाज आवाज सापडला. पत्र्याच्या पिंपात बसून बोलावं तसा. आई म्हणाली, "ई." बाबा म्हणाले, "हाच." वेग कितीही वाढवला तरी त्याचे शब्द तुटक, टणक, एकमेकांपासून वेगळे राहत होते. पत्रेबुवा घरात आले ते असे.

पण नवा आवाज म्हणजे नवी भाषा. टकळीबाईंच्या वेगापर्यंत कान पोचायला बाबांना वर्षं लागली होती आणि आता हातात होता महिना. त्यांनी घरी आणि कार्यालयात, दोन्हीकडे बुवांनाच बसवलं. फोनमध्ये टकळीबाई अजून होत्या. त्यांना काढताना बाबा बराच वेळ फोन नुसता हातात धरून बसले. शेवटी त्यांनी टकळीबाईंकडून त्या दिवसाचं हवामान ऐकलं आणि मग त्यांना निरोप देऊन तिथेही बुवांना बसवलं.

घरचा जुना हेडफोनही नव्या सिस्टिमवर चालेना, आणि नवा यायला वेळ होता. त्यामुळे पत्रेबुवांचा सराव मोठ्याने सुरू झाला. पहाटे चहाच्या आधी अग्रलेख, संध्याकाळी आल्यावर वीजबिल, खोकल्याच्या औषधाची माहितीपत्रिका, कपडे धुण्याच्या यंत्राची हमी. पहिल्या दिवशी बुवा बऱ्यापैकी सावकाश बोलले. बाबा रोज वेग एकेक घर वाढवत गेले. माझे कान किटले. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, दिवसभर मुलांचा गोंगाट ऐकून घरी येते, आणि घरी एक पत्र्याचा माणूस मला सांगणार की बाटली वापरण्यापूर्वी हलवावी. मी शाळेत जास्त वेळ थांबू लागले. खिडकीवर रोज येऊन बसणारी मांजर यायची बंद झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, घरी काही भांडणं चालू आहेत का. यातला कोणताही खर्च परिपत्रकात नव्हता.

पळून जायची सोय आईला नव्हती. तिचं शिवणाचं टेबल कॉम्प्युटरच्या शेजारीच. ती तिथे बसून लोकांच्या बाह्या लावायची, काजं करायची, आणि बुवांवर तोंडसुख घ्यायची. "त्या टकळीला निदान घरात कसं बोलावं ते कळत होतं," असं ती म्हणायला लागली, तेव्हा मात्र बाबा खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. हयातभर जिचा दुस्वास केला तिचं कौतुक पहिल्यांदाच आईच्या तोंडून निघालं होतं.

महिनाअखेर आली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि संध्याकाळी चुरगळलेल्या सदऱ्यात परतले. मुख्य बाई दिवसभर शेजारी बसून ऐकत होत्या, पण निघताना एवढंच म्हणाल्या, की काय ते लेखी कळवते.

"पण फोन कसे झाले?" मी विचारलं.

"झाले," बाबा म्हणाले. "एकदा अडखळलो. दोनदा."

जेवताना त्यांचा फोन वाजला. कार्यालयाचा मेल होता. आई टेबलावरून उठून एक उरलेलं काज पुरं करायला यंत्रावर बसली होती, किंवा तसं दाखवत होती. बाबांनी नेहमीसारखा आमच्यादेखतच मेल लावला, आणि वेग पुरता वर नेला. वाईट बातमी असेल तर ती आधी एकट्याने ऐकायची, मग आम्हाला झेपेल एवढी सांगायची, हा त्यांचा जुना रिवाज. पत्रेबुवा कडाडले. मला त्यातलं काडीचंही कळलं नाही. बुवा थांबले. बाबांचा चेहरा अगदी कोरा होता.

शिवणयंत्रावरून आई म्हणाली, "म्हणजे सोमवारपासून सकाळची पाळी. मग डबा साडेसातला लागणार तुम्हाला."

बाबांचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"डबा. साडेसातला." आईने दोरा दाताने तोडला. "तक्रार कक्षातच ठेवलंय ना? जागाही तीच, खिडकीजवळची. आणि 'आपल्या कामाबद्दल समाधान आहे' असं लिहिलंय. तेवढं म्हणायला त्यांना महिना लागला."

मी उठून बाबांना मिठी मारली. त्यांचं लक्षच नव्हतं. जागा राहिली याचा आनंद त्यांना झाला होता, तो नंतर रात्रभर त्यांच्या शिट्टीतून ऐकू येत राहिला. पण त्या क्षणी ते आईकडे कान लावून बसले होते.

"तुला हे कळतं?"

"महिनाभर कानाशी तेच चाललंय. रोज थोडा थोडा वेग तुम्हीच वाढवत होतात. तुमच्या कानांना सवय झाली, मग माझे काय उधार आणलेत?"

"हे सगळं कळतं?"

"सगळं," आई म्हणाली. "परवा रक्ताचा रिपोर्ट आला तोही कळला. सगळं ठीक नाहीये."

बाबांनी पोळीवर घ्यायला साखरेच्या डब्याकडे गेलेला हात सावकाश मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बिनसाखरेचा चहा सुरू झाला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "फुकटची सिस्टिम," ते मला म्हणाले. "या खर्चाचं कुणी बोललंच नव्हतं." मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं आईला गाळून सांगत होतात, त्याची ही वसुली आहे." ते म्हणाले, "तू तिच्याच बाजूची."

आता नवा हेडफोन आलाय, मांजरही परत आली आहे. घरी पत्रेबुवा पुष्कळदा मोठ्यानेच चालतात, कारण आईनेच सांगितलंय, हेडफोन कशाला, मलाही ऐकू द्या. परवा सकाळी चहा होताना आईने बाबांचा फोन उचलून त्यावर काहीतरी टाइप केलं आणि तो त्यांच्यासमोर सरकवला. बुवांनी पूर्ण वेगात ते वाचलं. बाबा इतके हसले की चहा बशीत सांडला. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं, बुवा पुन्हा कडाडले, आणि आई चक्क लाजली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कप उचलला.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले.