टिकलीभोवतीचं कडं

सकाळी वैशालीने काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. आम्ही दोघी कॉलेजच्या प्रयोगशाळेत समुद्री शेवाळाचे अर्क तपासतो. बशीत जिवाणू वाढवायचे आणि अर्कात बुडवलेली कागदाची टिकली त्यांच्यावर ठेवायची. जिवाणू मेले, तर टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तुलनेला तिच्या बाजूला दुकानात मिळणाऱ्या जिवाणूनाशक औषधाची टिकली असते.

"अगं, औषधाला कडंच नाही," ती म्हणाली.

जिवाणू त्या टिकलीला अगदी खेटून वाढले होते. हे जिवाणू आम्ही आणले खाडीच्या पाण्यातून. तिथेच शेवाळ काढायला आम्ही अनवाणी उतरतो, कारण चिखलात चपला राहत नाहीत. मागच्या आठवड्यात खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने माझी टाच कापली. तेव्हापासून मी याच औषधाच्या गोळ्या घेतेय. गोळी गिळली की माणूस निर्धास्त होतो. आपल्या आत काय चाललंय, ते असं खिडकीशी धरून कुणाला बघता येतं?

"शेवाळाला आहे बघ, बारीकसं," वैशाली म्हणाली.

खरंच होतं. खडकाला चिकटलेल्या शेवाळाला पळून जाता येत नाही. जिवाणूंच्या गराड्यातच जगायचं, म्हणून त्याने स्वतःपुरता काही बंदोबस्त केला असावा. मला जरा धीर आला. मी बशी डोळ्यांजवळ आणली.

त्या स्वच्छ कड्याच्या आत जिवाणूंचा एक पांढरा ठिपका वाढत होता.

मी बशीवर झाकण ठेवलं आणि टाच स्टुलाखाली ओढून घेतली.