खाटा बघून आलेली पोरगी

अगं सोने, जरा जवळ सरक. नर्सिंगचं कॉलेज काय मोबाइलवर फोटो बघून ठरवतात होय? परवा चाकणच्या बसमध्ये माझ्या शेजारी कंपनीचा युनिफॉर्म घातलेली एक पोरगी बसली होती, गाड्यांचे पार्ट तपासून 'ओके' करायचं काम करणारी. मांडीवर दोन नर्सिंग कॉलेजांचे फॉर्म, आणि भरायचा शेवटचा दिवस!

एका फॉर्मवरचा फोटो बघून मी म्हटलं, "हे चकचकीत इमारतीचं घे की."

ती खुदकन हसली. "आजी, दोन्हीकडचे वॉर्ड फिरून आले मी. त्या चकचकीत कॉलेजच्या हॉस्पिटलात खाटाच रिकाम्या. इंजेक्शन काय उशीला देऊ?"

अख्खी बस हसली. तिनं माझ्या पिशवीवर दुसरा फॉर्म ठेवून सही ठोकली. उतरताना माझी नाडी बघून म्हणाली, "ओके पार्ट!"

जा, तुझे फॉर्म घेऊन ये गं. दोघी मिळून आधी खाटा बघून येऊ.