दामल्याची चकती

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गुदैबिया भागातल्या एका दुकानात बटाटे निवडत होतो. "भाऊजी, गेले हो हे..." एवढंच म्हणाल्या. हातातला बटाटा मी ढिगात ठेवला, मग परत उचलला, आणि तो तसाच खिशात घालून हॉस्पिटलात गेलो. दामल्याच्या उशाशी उभा होतो तेव्हाही तो खिशातच होता, चांगला मोठा, गोल, एकही डोळा न फुटलेला. अरविंद दामले जन्मभर शाकाहारी होता, आणि तरी स्टेकहाउसांचा त्याच्याएवढा जाणकार अख्ख्या बहरीनमध्ये झाला नाही, हे आधी सांगितलं नाही तर त्या बटाट्याचा अर्थ लागायचा नाही.

तो पुण्याचा, बँकेत अकाउंटंट. मी कुडाळचा, एसीची कामं करणारा. आमचे फ्लॅट एकाच जिन्यावर, वर-खाली. कंपनीने एकदा मला पाहुण्यांसोबत भारी स्टेकहाउसात न्यायचं ठरवलं. सोबत कोणी इंग्रजीवाला असावा म्हणून मी दामल्याला ओढून नेलं. वेटरने वाकून विचारलं, कसं हवं, कमी भाजलेलं, मीडियम की पूर्ण? मी म्हटलं, "शिजवलेलं!" तिकडच्या टेबलावरचा शेख हसून हसून खुर्चीतून पडला आणि त्याला उचलायला चार माणसं लागली. मग वेटर दामल्याकडे वळला. दामल्याने घसा साफ केला आणि भाजलेला बटाटा मागवला, वर म्हणाला, "मीडियम." त्या दिवसापासून आम्ही दोस्त. (तिथे मी काय खायचो ते गावाला कळू नये म्हणून इथे नुसतं 'मांस' लिहितो. कुडाळच्या वाचकांनी सुरमई समजावं.)

पुढे वर्षानुवर्षं शुक्रवारची दुपार आमची. स्टेकहाउसबद्दल त्याचा एक सिद्धांत होता. "परब, मांसाकडे सगळ्यांचंच लक्ष असतं, ते कुणीही नीट भाजेल. बटाट्याला कोण विचारतं? ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याशी एखादं घर कसं वागतं ते बघावं." मग तो बटाट्याची साल सुरीने टकटक वाजवून बघायचा, लोण्याचा गोळा कुठे ठेवलाय ते बघायचा आणि निकाल द्यायचा. अमेरिकन पद्धतीच्या त्या काळोख्या हॉटेलात सुऱ्या तलवारीएवढ्या, पण बटाटा फॉइलमध्ये गुदमरलेला, म्हणून नापास. मला त्या वेळी हे सगळं पुणेरी वाटायचं. परदेशात वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस बटाट्याबद्दल बोलत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं...

पिझ्झ्यापाशी मात्र आम्ही एका ताटातले. नेपल्सचा पिझ्झा त्याच्या लेखी भाकरीचा चुलतभाऊ: कडेला फुगलेला, करपट टिपक्यांचा, मध्ये ओला. न्यूयॉर्कचा म्हणजे घडी घालून चालता चालता खायचा, नोकरदाराचा. शिकागोच्या खोल पिझ्झ्याला तो पिझ्झाच मानत नसे. "ही पातेल्यात पडलेली पाटवडी आहे," म्हणायचा. पण डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा आला, लोखंडी ट्रेच्या कडेला चीज चिकटून काळं-तांबूस झालेला, की हा शिस्तीचा माणूस कोपऱ्याच्या तुकड्यासाठी हमरीतुमरीवर यायचा. "खरवड आहे ती! आई दुधाचं पातेलं फक्त मला द्यायची." चौकोनाला कोपरे चार, आम्ही दोघे. वाटणी सरळ होती, पण ती कधीच झाली नाही. तीन त्याचे, एक माझा.

आणि मी थापा मारायचो. एका पिझ्झ्याचं चीज एवढं ताणलं गेलं, की चावा घेऊन मी टॅक्सीत बसलो तरी तुटेना. शेवटी सौदीच्या पुलावर कस्टमवाल्याने तार बोटावर गुंडाळून विचारलं, हे डिक्लेअर केलंय का? दामले चष्मा पुसत म्हणायचा, "घसारा वजा जाता?" जुन्या मशीनची किंमत हिशेबात जशी उतरवतात, तशी तो माझ्या गोष्टींची उतरवायचा.

"टॅक्सीपर्यंत."

"अजून वजा कर."

"टेबलाच्या कडेपर्यंत, बाबा!"

"हां. आता बॅलन्स जुळला."

ती चकती ब्राझिलियन पद्धतीच्या हॉटेलातली. तिथे लोक लांबलचक सळयांवर भाजलेलं मांस घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात. तुमच्यापुढे एक गोल चकती असते. हिरवी बाजू वर असली की ते आणत राहतात, लाल केली की थांबतात. दामले बसल्या बसल्या लाल करायचा आणि उठेपर्यंत लालच ठेवायचा. सळईवाले बिचारे त्याच्यापाशी येऊन, चकतीकडे बघून, उपाशीपोटी हसणाऱ्या या माणसाला वळसा घालून जायचे. त्याच्या वाढदिवसाला मॅनेजरने ती चकतीच भेट दिली. म्हणाला, सर, अशी निष्ठा आम्ही पाहिली नाही.

गेल्या वर्षी घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पाणी. अन्ननलिकेत गाठ निघाली. पोटात नळी घातली आणि त्या नळीतून पांढरं काहीतरी जायला लागलं, ज्याला ना वास, ना कड, ना खरवड. मी शुक्रवार बंद केले. पहिल्याच शुक्रवारी त्याने मला वर बोलावलं आणि झापलं. "उपास मी करतोय, तू कशाला? माझ्या वाटचं खा, आणि येऊन सांग." मग हळूच म्हणाला, "यापुढे घसारा नाही लावणार. जेवढं देशील तेवढं घेईन."

लोकहो, त्या महिन्यांत मी जे काही बोललो ते या बेटावर कोणी बोललं नसेल. मी त्याला एवढा फुगलेला पिझ्झा दिला की शेफने दोरीने बांधून ठेवला होता. मी त्याला असा बटाटा दिला की साल सोलल्यावर वाफेत आख्खं हॉटेल दिसेनासं झालं, आणि वेटर एकमेकांना हाका मारत शोधत होते. तो डोळे मिटून ऐकायचा. घसा हलायचा त्याचा, गिळल्यासारखा. ती चकती त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर असायची. हिरवी असली की मी बोलायचं. दमला की लाल करायचा, मी उठायचं.

शेवटच्या शुक्रवारी मी अमवाजच्या हॉटेलात जाऊन डेट्रॉइटचा पिझ्झा खाऊन आलो. दाराशीच वहिनींनी गाठलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच. ते पोटात घेऊन मी आत गेलो. चकती हिरवी होती. मी सुरू झालो... ट्रे असा, कड अशी, चीजचा आवाज कुरकुर असा की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"कोपरे किती खाल्लेस?" त्याचा आवाज आता सुताएवढा उरला होता.

"चारही."

"बरं केलंस." त्याने मान माझ्याकडे वळवली. "परब, दाराशी माधवी काय सांगत होती? डॉक्टर काय म्हणाले?"

खोलीत एसीचा आवाज. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं. आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. "अरे, खूश आहेत डॉक्टर! म्हणाले, नळी काढायची. थंडी संपायच्या आत तुला दह्यावर आणतो, मग मऊ भातावर, आणि इंशाल्ला उन्हाळ्याच्या आधी आपण दोघं..."

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. हिशेब तपासल्यासारखाही नाही. त्याचा हात पांघरुणातून बाहेर आला, स्टुलापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला, आणि त्याने चकती लाल केली.

"खलास, परब," तो म्हणाला. "पोट भरलं."

दोन दिवसांनी त्याला हॉस्पिटलात हलवलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत तो राहिला नाही.

त्याला इथेच अग्नी दिला. तो बटाटा सोबत ठेवावा असं फार वाटलं, पण भटजींना काय सांगणार? घरी आणला, ओट्यावर ठेवला. त्याला कोंब फुटले, मग तो सुरकुतला, मग टाकला. वहिनी पुण्याला गेल्या, वरच्या फ्लॅटमध्ये नवीन कुटुंब आलंय. त्यांच्या मुलांच्या धावण्याचा आवाज येतो. काळ गेला की हलकं होतं म्हणतात. मला अजून तरी तसं काही जाणवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी वाटही बघत नाही. शुक्रवारी जातो. चौकोनी पिझ्झा मागवतो. चारही कोपरे माझेच असतात. चव पुठ्ठ्याची. परत येताना एकही थाप सुचत नाही. चीज ताणलं गेलं तर टेबलाच्या कडेपर्यंतच जातं, तिथेच तुटतं.

जाताना वहिनींनी चकती माझ्या हातात दिली. ती मी जेवणाच्या टेबलावर, त्याच्या जागेसमोर ठेवली आहे. दिली तेव्हा लालच होती. मी हिरवी केली. रोज येता-जाता बघतो, हिरवीच असते. त्या हॉटेलात हिरवीचा अर्थ आणत राहा, असा होता. इथे कोणी काही आणत नाही.